उष्ट्याचा टप

शहाद्याला आमचं दुकान पुढे आणि घर मागे होतं. मधल्या दाराला एक जाड पडदा होता, आणि त्यातून दिवसभर दोन आवाज ये-जा करायचे: दुकानातून घरात येणारा काट्याच्या पारड्याचा खणखणाट, आणि घरातून दुकानात जाणारी जात्याची घरघर. बाबूजींचा धान्याचा व्यापार. आमचे पूर्वज कधीतरी मारवाडातून इकडे आले आणि तापीकाठचं पाणी पिऊन इथलेच झाले. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, दुकानात अहिराणी, शाळेत मराठी. तिन्ही भाषांत मला सारखीच बडबड करता यायची आणि तिन्ही भाषांत मला गप्प बस म्हणणारी माणसं होती. पुढे मी लग्नाच्या जेवणावळींची कामं घ्यायला लागले तेव्हा लोक विचारायचे, तुम्ही वाण्याची पोर, तुम्हाला हे कुठून सुचलं? त्याचं उत्तर या प्रकरणात आहे.

आईला आम्ही 'बाई' म्हणायचो. बाईच्या स्वयंपाकघरात टाकायचं असं काही नसायचंच. वाटाण्याच्या सालांची आतली कडक पापुद्री सोलून त्यांची भाजी व्हायची. कलिंगड खाऊन झालं की पांढऱ्या गराच्या फोडी मोहरीत परतल्या जायच्या. हिवाळ्यात मेथी आणि गवार स्वस्त झाली की गच्चीवर जुन्या धोतरांवर वाळत पडायची, आणि चातुर्मासात आम्ही हिरवी भाजी वर्ज्य करायचो तेव्हा तीच सुकी मेथी बेसनाच्या गट्ट्यांबरोबर उकळायची. त्या वासानं अजूनही माझी भूक चाळवते. धान्य निवडताना निघालेला चुरा पाखरांना, कोंडा गायीला. बाबूजी दर आठवड्याला जीपनं मोलगीच्या बाजाराला जायचे. चारोळी, आमचूर आणि डोंगरातली भगर आणायचे. ती भगर पॉलिशची नसायची, करडी दिसायची, आणि बाई ताकाबरोबर अशी शिजवायची की पाहुण्यांना वाटावं काहीतरी मोठं पक्वान्न आहे. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकलेली असायची. दिवेलागणीला शेजारच्या घरातून फोडणीचे चर्र आवाज यायचे तेव्हा आमची चूल सारवून झालेली असायची.

आणि ताट. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घालायचं, बोटानं ताट धुवायचं आणि ते पाणी प्यायचं. हा आमच्या जैन घरातला साधा रिवाज. उष्ट्यात दोन घडीत जीव पडतात, मग ते टाकून देणं म्हणजे हिंसा, असं बाई सांगायची. लहानपणी मला ते पडसं येण्याइतकंच स्वाभाविक वाटायचं. सातवीत मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले, सवयीनं ताट धुऊन प्यायले, आणि मुली अशा हसल्या की मला तिथून पळून जावंसं वाटलं. घरी येऊन मी बाईला म्हणाले, "मी यापुढे ते पाणी पिणार नाही." मला वाटलं ती रागावेल. ती पापड लाटत होती, लाटतच राहिली. "नको पिऊ," ती म्हणाली. "पण मग ताटात तेवढंच घे, की धुवायची वेळ येणार नाही." त्या दिवसापासून मी वाढून घेताना हात आखडता घ्यायला शिकले. शिकले म्हणजे काय, जिद्दीनं शिकले.

मी सोळा वर्षांची असताना जीजीचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न ठरलं. स्थळ सुरतचं, कापडाचा मोठा व्यवसाय. ते आणलं होतं बाबूजींच्या धाकट्या भावानं, आमच्या काकासांनी. काकासा स्वतः सुरतला साड्यांचं दुकान चालवायचे आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सुरतेला आता असंच असतं' हे यायचं. माणूस मनानं वाईट नव्हता. आमच्यासाठी दर खेपेला घारी, ती सुरतची खव्याची मिठाई, आणायचा, जीजीवर त्याचा फार जीव होता. पण त्याला आमच्या गावाची लाज वाटायची, आणि ती तो लपवू शकत नसे.

लग्नाच्या जेवणाची बोलणी आमच्या माजघरात झाली. बाई पदर पुढे ओढून दाराआड बसली होती, पण बोलत होती.

"पंगत बसवू," बाई म्हणाली. "लापशी, पुरी, गट्ट्याची भाजी, तुरीची डाळ, भगर. कढी. झालं."

काकासा हसले. "भाभीसा, लोक काय म्हणतील? आता बफे असतो. माणसं फिरतात, बघतात, हवं ते घेतात. सुरतेला आता असंच असतं."

"पदार्थ किती?"

"फार नाहीत हो. वीस-बावीस. नूडल्सचा एक वेगळा काउंटर लावू. पनीर लागेल. आईस्क्रीम."

"एका पोटाला वीस पदार्थ?"

"अहो, सगळे थोडेच खायचे असतात? निवड असते."

"आणि निवडून उरलं ते?"

काकासांनी बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी पायाच्या बोटाशी चाळा करत होते. ते म्हणाले, "व्याही सुरतचे आहेत." या तीन शब्दांत निकाल लागला. बाई उठून आत गेली. तिनं आदळआपट केली नाही, पण संध्याकाळच्या जेवणात मीठ घालायचं राहिलं, आणि आमच्यापैकी कुणीही ते मागितलं नाही.

मंडप गावाबाहेर एका बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मैदानात होता. जेवण दुपारी सुरू होऊन सूर्यास्ताच्या आत संपणार, आणि लगेच गोरज मुहूर्त. दुपारी मैदान भरलं. सुरतची मंडळी, गावचे व्यापारी, बाबूजींना माल घालणारे शेतकरी, बाजारातले हमाल, शाळेतले गुरुजी, सगळे. काउंटरमागे टोप्या घातलेले आचारी उभे. असं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मला आवडलं होतं, हे आधीच सांगते. नव्या लेहंग्यात, चुलत बहिणी आणि शेजारच्या मुली मिळून आम्ही सहाजणी, हातात गुलाबपाण्याच्या झाऱ्या घेऊन राजकन्या असल्यासारख्या फिरत होतो.

मंडपाच्या कडेला, हात धुवायच्या नळांजवळ, प्लास्टिकचे चार मोठे टप ठेवले होते. जेवून झालं की थाळी त्यात टाकायची. पहिली गर्दी ओसरली तेव्हा मी तिकडून चालले होते, आणि बाई तिथे उभी दिसली. भरजरी साडी, डोक्यावर पदर, आणि ती टपाकडे बघत होती. मीही पाहिलं. वर तरंगत होत्या अख्ख्या पुऱ्या. त्याखाली गुलाबजाम, एकदाच चावलेले. पनीरचे तुकडे, नूडल्सचा गुंता, आईस्क्रीम वितळून त्या सगळ्यावर पसरलेलं, आणि मधे कुठेतरी दहीवडे, ज्यांना कुणाचं बोटही लागलं नव्हतं. माणसांनी वाईट हेतूनं नव्हतं टाकलं ते. रांगेत पुन्हा उभं राहायला लागेल म्हणून पहिल्याच खेपेला थाळीत डोंगर रचला होता, आणि डोंगर कुणाच्यानं संपत नाही.

"बाई, तू जेवून घे," मी म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "या टपात अन्न पडतंय तोवर मी तोंडात पाणीसुद्धा घेणार नाही."

ती मोठ्यानं नव्हती बोलली. पण आमच्यात कुणी असं म्हणालं की ते तोंडातून निसटलेलं वाक्य नसतं, तो नियम असतो. आणि सूर्य मावळला की त्या दिवशी ती तशीही काही घेणार नव्हती. सकाळपासून लग्नाच्या धावपळीत तिच्या पोटात घोटभर दूध गेलं होतं. मी घाबरले आणि घाबरून चूक केली असं कुणी म्हणेल, पण मी धावत जाऊन जीजीला सांगितलं. जीजी नवरीच्या खोलीत, नथ घालून, कपाळावर बिंदी चिकटवून बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि आरशाकडे बघत म्हणाली, "मग मीही मंडपात येणार नाही. बाई उपाशी असताना मी फेरे घेणार नाही. सांग जाऊन."

म्हणजे आता एकीकडे मुहूर्त, एकीकडे मावळता सूर्य, आणि मधे ते चार टप. काकासांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते लाल झाले. "हा काय तमाशा आहे? दीड गाव जेवतंय, प्रत्येकाच्या थाळीमागे पोलीस लावू?" बाबूजी दोघांच्या मधे उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. भावाचंही खरं आणि बायकोचंही खरं, अशा पेचात सापडलेल्या माणसाचा चेहरा.

मला काय सुचलं कोण जाणे. मी नळापाशी परत गेले आणि माझ्या पाचजणींना हाक मारली. आम्ही ते टप ओढत मंडपाच्या मागे नेले, गोठ्यात जायचं ते वेगळं काढायला हमालांना सांगितलं, आणि रिकामे टप धुऊन उलटे घातले. बस. एवढंच. आता माणसं थाळ्या हातात घेऊन टप शोधायला लागली. एक सुरती पाहुणे माझ्यापुढे आले. थाळीत अर्धी भाजी, दोन पुऱ्या.

"बेटा, थाळी कुठे टाकायची?"

मी हात पुढे केला. "काका, टाकायची नाही. संपवलीत की मी हातातून घेते."

मग उभ्याउभ्या त्यांनी भाजी-पुरी संपवली, थाळी माझ्या हातात दिली आणि डोक्यावर हात ठेवून गेले. दुसरे एक जण मात्र थाळी खुर्चीखाली सरकवून निघून गेले. तिसऱ्या बाईंनी 'आम्ही काय भिकारी आहोत का?' असं ऐकवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जे थाळीत पडून गेलंय त्याच्याशी भांडून उपयोग नाही. पडायच्या आधी पकडलं पाहिजे.

नेमकं तेव्हाच कळसाडीचे भिलाआप्पा समोर आले. ऊस आणि कापूस पिकवणारा मोठा शेतकरी, बाबूजींचा जुना दोस्त. बरोबर गावची पंधरा-वीस माणसं. काउंटरची रांग बघून आप्पा तिथेच थबकले होते.

"काय वं पोरी," ते मला म्हणाले, "उभं ऱ्हाईसन जेवाले आपन काय बैल शेतस का? सतरंजी टाक. आम्ही खाले बसीसन जेवसूत."

मला त्या माणसाच्या पायाच पडावंसं वाटलं. आम्ही मांडवाच्या गाद्यांखालच्या सतरंज्या ओढून आणल्या, दोन रांगा अंथरल्या. आचाऱ्यांच्या काउंटरवरून पातेली उचलली. एक आचारी ओरडला, "ओ ताई, सेठजींना विचारलं का?" मी म्हटलं, "विचारते आहे." विचारलं नव्हतं. सहाजणी लेहंगे खोचून वाढायला निघालो. एकीकडे पुऱ्या, एकीकडे भाजी, एकीकडे डाळ. वाकायचं, नजरेला नजर द्यायची, थोडं वाढायचं आणि म्हणायचं, परत येतेय.

"थोडंच टाक, बेटी," आप्पा म्हणाले. "लागनं ते मांगी लिसू." आणि मग हळूच, "तुन्ही माय जेवनी का नही?"

मी नाही म्हणून मान हलवली. आप्पांनी मंडपाच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. मग शेजारच्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐका रे भाऊ! बठं संपाडानं. पानमा कण ऱ्हावाले नको. शेठनी घरवाली आपलाकरता उपाशी शे."

ही बातमी मी गुप्त ठेवायची म्हणत होते. पण आप्पांच्या आवाजाला गुप्त हा शब्द ठाऊक नव्हता. पाच मिनिटांत ती मैदानभर पसरली. उभी असलेली माणसं बसलेल्यांकडे बघायला लागली, आणि मग एकेक करून तीही बसली. आधी हमाल, मग व्यापारी, मग गुरुजी. सुरतची काही मंडळी तोंड वाकडं करून बाहेर पानाच्या टपरीकडे गेली. ती काही परत आली नाहीत, आणि ते तसंच सांगायला हवं. पण सर्वांत शेवटच्या पंगतीला, अगदी कडेला, एक जाड चष्म्याच्या ठेंगण्या बाई मांडी घालून बसल्या. मी पुरी वाढायला वाकले आणि ओळखलं. त्या जीजीच्या सासूबाई होत्या.

"अर्धी," त्या म्हणाल्या. "मला अर्धीच लागते. आजवर कुणी अर्धी वाढलीच नाही."

आता सूर्य जिनिंगच्या चिमणीला टेकला होता. पंगत उठली. पानं लख्ख, एखाद्याच पानात कढीलिंबाचं पान. मैदानात आता एकच भरलेली थाळी राहिली होती, आणि ती काकासांच्या हातात होती. सगळ्या गडबडीत ते स्वतः जेवलेच नव्हते. मघाशी रागारागानं भरून घेतलेली थाळी तशीच धरून ते आचाऱ्यांवर ओरडत होते. नूडल्स, पनीर, दोन दहीवडे, तीन गुलाबजाम. सगळ्यांच्या नजरा हळूहळू त्या थाळीवर येऊन थांबल्या. मग बाबूजी बोलले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

"बैस," ते धाकट्या भावाला म्हणाले. "मी बसतो तुझ्याजवळ."

दोघे भाऊ सतरंजीवर बसले. काकासा खायला लागले. पहिल्यांदा फणफणत, मग घाईघाईनं, मग कष्टानं. नूडल्समधल्या मिरचीनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्या गुलाबजामपाशी त्यांनी बाबूजींकडे अशा नजरेनं पाहिलं की मला हसू आवरेना, आणि बाबूजींनी तो उचलून अर्धा स्वतः खाल्ला. थाळी मोकळी झाली. बाबूजी स्वतः तांब्या घेऊन उठले आणि चारचौघांत, व्याह्यांच्या देखत, बाईच्या ओंजळीत पाणी ओतलं. आमच्या घरात नवऱ्यानं बायकोला पाणी दिल्याचं त्याआधी मी पाहिलं नव्हतं. सूर्याची किनार चिमणीमागे बुडायच्या आत तिनं घरून आणलेल्या भगरीचे दोन घास खाल्ले. मी जीजीला सांगायला धावले तेव्हा ती दारातच उभी होती. खिडकीतून तिनं सगळं पाहिलं होतं. नथ सांभाळत ती म्हणाली, "चल आता. उशीर नको."

काकासा पुढे बरेच महिने बाईशी बोलले नाहीत. मग एका दिवाळीला घारीचा डबा घेऊन आले आणि ते प्रकरण मिटलं, म्हणजे त्याच्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. पातेल्यांत उरलेलं, कुणाच्या ताटात न गेलेलं अन्न त्या संध्याकाळी आचारी, हमाल आणि शेजारीपाजारी घरी घेऊन गेले. तरीही बरंच फुकट गेलं, कारण वीस-बावीस पदार्थ एका दुपारी संपत नसतात. ते मी कितीही मुली घेऊन धावले तरी संपले नसते. माझ्या धंद्याचा पाया तोच. आज लोक माझ्याकडे येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात, लाइव्ह काउंटर हवेत म्हणतात. परवा नंदुरबारचे एक गृहस्थ मे महिन्यात स्ट्रॉबेरी मागत होते. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुमच्या दारात आंब्याचं झाड लगडलंय, त्यानं काय पाप केलंय? माझ्याकडे मोजके पदार्थ मिळतात, या मातीतले आणि त्या महिन्यातले, आणि वाढायला माणसं उभी असतात. ज्यांना पटत नाही ते दुसरीकडे जातात. पटणारे कमी नाहीत. मी हे गर्वानं लिहीत नाही, पण लाजतही नाही. अन्न वाया न घालवणं हे पोथीतलं पुण्य नाही, ते एक कसब आहे, आणि कसब शिकता येतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जीजीची पाठवणी झाली. रडारड झाली, गाडीला नारळ फोडला. जीजीच्या सासूबाई गाडीत बसायच्या आधी बाबूजींपुढे थांबल्या.

"ब्याईजी, एक मागायचं आहे," त्या म्हणाल्या.

बाबूजींचा चेहरा उतरला. लग्नानंतर मुलाकडचे मागणं करतात तेव्हा मुलीचा बाप मनात हिशेब मांडायला लागतो.

"माझ्या धाकट्या मुलीचं लग्न आहे पुढच्या हिवाळ्यात," त्या म्हणाल्या. "थोरल्याच्या वेळी आमच्याकडे जे फेकलं गेलं ते बघून मला रात्रभर झोप लागली नव्हती. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, बायकांना काय कळतं. या वेळी तुमची ही पोरगी मला द्या. पंगत तिनं बघायची."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबूजींनी बाईकडे पाहिलं. बाई पदराआडून म्हणाली, "मला काय विचारता? तिलाच विचारा."

बाबूजी माझ्याकडे वळले. दुकानात एखादा जाणता व्यापारी आला की ते ज्या सुरात बोलायचे, त्याच सुरात त्यांनी मला विचारलं, "काय काय लागेल तुला?"

"ह्या माझ्या पाचजणी," मी म्हणाले. "आणि आचारी ठरवायच्या आधी मला बोलवायचं. वाढायच्या पळ्या मी निवडणार, लहान लहान."